‘आपल्या शेतातल्या मातीला परवाना कशाला?’ म्हणणाऱ्यांसाठी

“स्वतःच्या शेतातली माती विकायला परवाना लागत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पाच हेक्टरच्या आत पर्यावरण मंजुरीची भानगड नाही आणि रस्त्याच्या कामाला तर सगळंच माफ.” हा मजकूर सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. तलाठ्याने अडवलं तर दाखवा, असंही खाली लिहिलेलं असतं. दाखवून बघा!

आधी तो निकाल. पुण्याच्या बिल्डर संघटनेचा, डिसेंबर २०१४ चा. पाया खणताना निघालेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर दंड लागतो का, एवढाच वाद होता. मातीचा वापर कशासाठी झाला ते तपासा, सरसकट दंड लावू नका, असं कोर्टाने सांगितलं. डंपर भरून बाहेर विकायला त्यात कुठेही मोकळीक नाही. भराव, सपाटीकरणाची साधी माती तर केंद्राने फेब्रुवारी २००० मध्येच गौण खनिजात (वाळू, मुरुमासारख्या खनिजांच्या यादीत) घातली आहे. सातबारा तुमचा असला तरी अशी माती विकायला काढायची तर महसूलचा परवाना आणि रॉयल्टी आलीच.

पाच हेक्टरचा मुद्दा २७ फेब्रुवारी २०१२ लाच निकालात निघाला. हरियाणातल्या दीपककुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच हेक्टरहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लावली, कारण मोठ्या खाणीचे तुकडे पाडून मंजुरी चुकवली जात होती.

रस्त्याच्या कामाला पर्यावरण मंजुरीतून माफी मात्र खरोखर होती. २८ मार्च २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, लोकांच्या हरकती न मागवता केंद्राने ती दिली. किती माती काढायची याला मर्यादा नाही, कुठल्या प्रकल्पांना लागू याची व्याख्याही नाही. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. २०२५ मध्ये नवी सूट आली, पण मर्यादा आणि अटींसह. मेसेजमधलं ‘सगळंच माफ’ आता कुठेच नाही.

खऱ्या सवलती वेगळ्याच आहेत. विहीर खणणं, पुरानंतर शेतात साचलेली वाळू काढणं, कुंभाराने हाताने माती काढणं, गावतळ्यातला गाळ उपसणं, याला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्या कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात ठेकेदाराचा फायदा नाही.

“फूटभरच काढतो” म्हणणाऱ्याचा हिशेब करा. एक एकर, एक फूट म्हणजे ४३,५६० घनफूट, साधारण ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पीक येतं ते याच थरात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. डंपर निघून गेलेला असतो, पंचनाम्यात गट नंबर तुमचा येतो. तेव्हा सौद्याआधीच परवान्याची प्रत मागा आणि त्यावर तुमचाच गट आणि ठरलेले ब्रास आहेत का ते बघा. दुसऱ्या गटाच्या परवान्यावर तुमची माती उचलली, तर तुमच्यापुरता तो परवाना नाहीच.