कबड्डीचा मारेकरी क्रिकेट नव्हे

वर्ल्ड कप जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. क्रिकेटने हॉकी, कबड्डी, मल्लखांब मारले. सरकारचा सगळा पैसा क्रिकेटच खातं. एक वर्ष क्रिकेट बघणं सोडा, बाकीचे खेळ आपोआप वर येतील. खाली 'खरा मराठी असाल तर पुढे पाठवा' हेही असतंच.

हॉकीच्या बाबतीत तारखाच उलट्या आहेत. कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर कप उचलला १९८३ साली. ऑलिंपिकची हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली ती १९७६ साली, माँट्रियलला, आणि तिथे आपण सातवे आलो. क्रिकेट घराघरांत शिरायच्या आधीच हॉकीची घसरण सुरू झाली होती.

सरकारी पैशाचा मुद्दा तर हवेतलाच. क्रीडा मंत्रालयाचं अनुदान इतर खेळांच्या महासंघांना मिळतं, बीसीसीआय त्यावर चालत नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या प्रक्षेपण हक्कांचे ४८,३९० कोटी कंपन्यांनी मोजले. (सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क राज्याने कमी केलं, त्यावरून भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने.)

आता कबड्डी. लालबाग, परळ, नायगाव, वरळी इथे कबड्डी वाढली ती चाळींतल्या मंडळांमुळे आणि गिरण्यांच्या आसऱ्याने. पाळी सुटली की पोरं मैदानात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणाच मोडला. चढाईपटूला रेल्वेत, बँकेत, कंपनीच्या संघात नोकरी मिळायची, घरचेही त्या आशेवर सरावाला सोडायचे. ती भरतीही पुढे आटली. आणि मैदानं? १९९१ च्या विकास नियमावलीप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत. या सगळ्यात फलंदाज कुठे आला?

मल्लखांब मेला म्हणणाऱ्याने एकदा शिवाजी पार्कात फेरी मारावी. तेंडुलकर ज्या मैदानावर घडला, त्याच मैदानावर समर्थ व्यायाम मंदिरात पोरं मल्लखांबावर चढतात. २०१९ ची पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा इथेच झाली, आणि तिथे मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. उलटं उदाहरणही मुंबईचंच: भारताची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज वयोगटाच्या स्पर्धांत महाराष्ट्राकडून हॉकी खेळली आहे.

एक तक्रार मात्र रास्त आहे. स्थानिक कबड्डीचा अंतिम सामनासुद्धा छापील पानावर चार ओळींत उरकतात. हा दोष संपादकांचा, आणि त्या चार ओळीही न वाचणाऱ्या आपला.

राहिला बहिष्कार. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली ती वरळीच्या डोममध्ये, यू मुंबा या मुंबईच्या संघाच्या सामन्याने. साचा आयपीएलचा आणि दाखवणारी स्टार स्पोर्ट्स, म्हणजे क्रिकेटवर मोठी झालेलीच वाहिनी. क्रिकेट बंद करून कबड्डीला पैसा कुठून येणार, ते त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही.