क्लॉनटार्फला ब्रायन बोरू कोणाशी लढला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडचा सर्वोच्च राजा ब्रायन बोरू याच्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. ब्रायनने व्हायकिंगांना आयर्लंडमधून हाकलून लावले ही सरळ गोष्ट असताना मी तिला भाऊबंदकीचे रूप दिले, त्याच्या विजयाचे वर्णन करणाऱ्या जुन्या आयरिश ग्रंथावर अविश्वास दाखवला आणि ब्रायनआधीचा सर्वोच्च राजा मेल शेखनाल याला विनाकारण मोठे केले, असा आपला आक्षेप आहे. तो मला मान्य नाही.

२३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉनटार्फला ब्रायनच्या विरोधात कोण उभे होते ते आधी पाहू. ऑर्कनी बेटांचा सरदार सिगुर्ड आरमार घेऊन आला होता, आणि त्याला परकीय आक्रमण म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. पण त्याच फळीत लेन्स्टर या पूर्वेकडच्या आयरिश राज्याचे सैन्य होते, आणि ब्रायनविरुद्ध उठलेला त्याचा राजा मेल मोर्डा त्याच लढाईत मारला गेला. डब्लिनचा नॉर्स (म्हणजे व्हायकिंग वंशाचा) राजा सिट्रिक हा या मेल मोर्डाचा भाचा. सिट्रिकची आई गॉर्मलेथ हिच्याशी ब्रायनने लग्न केले होते आणि आपली एक मुलगी सिट्रिकला दिली होती. म्हणजे ज्या शहरावर ब्रायन चालून गेला त्याचा राजा त्याचा जावईही होता आणि सावत्र मुलगाही. याला भाऊबंदकी म्हणू नये तर काय म्हणावे?

आपण ब्रायनच्या तरुणपणीच्या लढायांचा दाखला दिला आहे. तो योग्यच आहे. ९६८ च्या सुमारास सल्कॉइटला त्याने आणि त्याचा थोरला भाऊ मॅथगॅमन याने लिमरिकच्या नॉर्स सैन्याचा पराभव केला, आणि ९७७ मध्ये ब्रायनने शॅननच्या मुखाजवळील स्कॅटरी बेटावर लिमरिकच्या इव्हारला ठार केले. मात्र लगेच पुढच्याच वर्षी त्याने ज्याचा काटा काढला तो मेल मुआद आयरिश होता, मॅथगॅमनच्या हत्येमागचा सूत्रधार. ९८४ मध्ये तर ब्रायनने वॉटरफर्डच्या नॉर्स लोकांशीच हातमिळवणी केली. ९९९ मध्ये ग्लेनमामाच्या विजयानंतर डब्लिन पुरते त्याच्या हातात आले होते. हाकलून लावायचेच असते, तर याहून चांगली संधी कोणती होती? ब्रायनने शरण आलेल्या सिट्रिकला त्याच गादीवर पुन्हा बसवले आणि १००० मध्ये मेल शेखनालच्या मुलखावर चालून जाताना डब्लिनचे घोडेस्वार आघाडीला धाडले. (ते मार खाऊन परतले, ही गोष्ट वेगळी.) जहाजे आणि व्यापार ज्याच्याकडे होता, आयर्लंडमधली पहिली नाणी ज्याने पाडली, ते शहर जाळण्यापेक्षा मुठीत ठेवण्यात अधिक लाभ आहे, हे या राजाने इतरांपेक्षा लवकर ओळखले, त्याचे मोठेपण मला यात दिसते. क्लॉनटार्फनंतरही सिट्रिक १०३६ पर्यंत राज्य करत होता आणि डब्लिनचे क्राइस्ट चर्च कॅथीड्रल त्याच्याच काळात उभे राहिले.

ग्रंथाबद्दल थोडे. ब्रायनचा पणतू मुरखेर्ताख याच्या काळात, क्लॉनटार्फनंतर सुमारे शंभर वर्षांनी तो रचला गेला. बखर आणि समकालीन पत्र यांत आपण जो फरक करतो, तोच येथे करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. बखर म्हणून ती बाजूला टाकावी, असे मी कुठेही लिहिलेले नाही. त्या दिवशी सूर्योदयाला आणि पुन्हा संध्याकाळी भरती होती, असे हा ग्रंथ सांगतो. एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील सॅम्युअल हॉटन यांनी गणित मांडून ते जुळत असल्याचे दाखवले. संध्याकाळच्या त्या भरतीमुळेच पळणाऱ्यांना जहाजे गाठता आली नाहीत. याच ग्रंथात सिट्रिक आपल्या पत्नीसह तटावरून लढाई पाहत असतो. परके समुद्राकडे धावत सुटलेले पाहून ती म्हणते की हे आपल्या वडिलोपार्जित वतनाकडे निघालेले दिसतात, गुरांसारखे उधळले आहेत, पण दूध काढायला काही थांबत नाहीत; त्यावर तो तिला असा ठोसा मारतो की तिचा दात पडतो. प्रसंग रचलेला असेलही. पण तो रचणाऱ्याला सुद्धा ब्रायनची मुलगी शत्रूच्या तटावर उभी आहे, हे लपवावेसे वाटले नाही.

राहिला मेल शेखनाल. लढाईच्या वेळी तो दगा देऊन बाजूला उभा राहिला, हे आपण याच ग्रंथावरून घेतले आहे. अल्स्टरच्या वार्षिक नोंदी (वर्षावार घटना टिपणारा आयरिश इतिवृत्तांत) मात्र डब्लिनवरील त्या स्वारीत ब्रायनबरोबर त्याचेही नाव देतात. पूर्वी ९८० मध्ये टाराला डब्लिनच्या सैन्याचा धुव्वा उडवून, परक्यांच्या मुलखात दास्यात असलेल्या प्रत्येक आयरिश माणसाने आपल्या घरी परतावे, अशी द्वाही त्यानेच फिरवली होती. क्लॉनटार्फला ब्रायन मारला गेल्यावर तो पुन्हा सर्वोच्च राजा झाला आणि १०२२ मध्ये मरेपर्यंत राहिला. क्लॉनटार्फच्या दुसऱ्याच वर्षी, १०१५ मध्ये, उत्तरेकडचे सैन्य सोबत घेऊन डब्लिनवर चालून जाणारा आणि तिथली घरे जाळणारा राजाही तोच होता.