वास्को घरी नाहीत

आमचे सासरे, म्हणजे नाना, पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. त्यामुळे फोर्ट कोचीला जायचं ठरल्यावर त्यांनी ट्रेकिंगचे बूट चढवले, काठी घेतली आणि खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी टाकली. महाराष्ट्रातला माणूस, ‘फोर्ट’ ऐकलं की पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

एर्नाकुलमहून बोटीने पलीकडे उतरलो. नानांनी पहिल्याच रिक्षावाल्याला गाठलं. “भैया, किल्ला किधर है?”

“यही है.”

नानांनी चहूकडे पाहिलं. एक चहाची टपरी, एक भलंमोठं झाड, झाडाखाली झोपलेलं मांजर. तटबंदी कुठेच नाही. मग त्यांना स्वतःच शिकवलेलं आठवलं असावं. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे किल्ला उभारला, त्याला आपल्या राजाचं नाव दिलं. 1663 मध्ये तो डचांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे आला आणि 1806 मध्ये इंग्रजांनी पाडून टाकला. नाव तेवढं पाडायचं राहिलं.

“नाना, आपल्या मुंबईच्या फोर्टात तरी कुठे किल्ला आहे?” मी समजूत घातली.

“तिथे निदान झेरॉक्स मिळते,” नाना म्हणाले आणि रिक्षात बसले.

पुढचा मुक्काम मट्टनचेरीचा डच पॅलेस. “जावईबापू, हा डचांनी बांधलेलाच नाही,” नानांनी वाटेत सुरुवात केली. “पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी फक्त डागडुजी केली.” डागडुजी करणाऱ्याचं नाव वास्तूला लागतं, हे आमच्या सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याच्या कानावर जाता कामा नये. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, हेही नानांनी सांगितलं. सांगितलं ते बंद दारासमोर उभं राहून. वार शुक्रवार होता. इथे राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना. आमच्याकडे पिठाची गिरणीसुद्धा आठवड्यातून एकच दिवस बंद असते!

“पाच मिनिट दुकान देखो, बाय नहीं करना,” रिक्षावाला म्हणाला. मसाल्याच्या दुकानात आमची पंचेचाळीस मिनिटं गेली. ‘बाय’ न करता हिने अर्धा किलो काळी मिरी, पाव किलो वेलदोडे आणि लवंगांनी भरलेली एक पिशवी घेतली. वास्को द गामाही मसाल्यासाठीच एवढा आफ्रिकेला वळसा घालून आला होता. त्याला कमिशनवाला रिक्षावाला भेटला नाही, एवढाच फरक.

आणि मग वास्को. ‘वास्को द गामा कालिकतला कोणत्या वर्षी आला?’ हा प्रश्न नानांनी पस्तीस वर्षं, सहामाही धरून, एका मार्काला घातला होता. 1498 लिहिलं की मार्क. असा हा माणूस 1524 च्या डिसेंबरात कोचीत वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. दारात बूट काढताना नाना चक्क गंभीर झाले होते. आत थोडं गार होतं. बाकांच्या वर कापडाचे लांबलचक पंखे टांगलेले. त्यांच्या दोऱ्या भिंतीपलीकडे जायच्या आणि बाहेर बसून कुणीतरी त्या ओढत राहायचा. आतल्यांनी ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ ऐकायचं, बाहेरच्याने घामाघूम व्हायचं. उजव्या हाताला जमिनीत एक झिजलेला दगड, भोवती कठडा. नाना काठी टेकून वाकले. शेजारी एक गाईड कुणाला तरी सांगत होता, “बॉडी नहीं है. बाद में पोर्तुगाल ले गए.”

नाना सावकाश सरळ झाले. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि दमट उन्हात सकाळपासून पायपीट करून, भेटायला यावं आणि साहेब बाहेरगावी असावेत, हे वेगळं.

“किल्ल्यात किल्ला नाही, डच पॅलेस डचांचा नाही, थडग्यात वास्को नाही,” नाना बूट चढवत म्हणाले. “मग या गावात आहे काय?”

“मिरी,” ही म्हणाली.

तरी आलोय म्हणून मी त्यांचा त्या दगडापाशी फोटो काढला होता. हात जोडलेले, चेहरा उतरलेला. संध्याकाळी समुद्राकाठी ती चिनी जाळी बघताना नानांनी तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ नाही, काही नाही. समोर पाच-सहा जण दोर ओढून जाळं वर घेत होते, वजनाला बांधलेले दगड हळूहळू खाली येत होते. जाळ्यात दोन मासे आणि एक चप्पल निघाली. तेवढ्यात नानांचा फोन वाजायला लागला. चुलतसासऱ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली होती. मागोमाग आणखी सतरा जणांनी हात जोडले. साताऱ्याच्या मावशींनी ‘कधी झालं? काही कळवलं नाहीत’ असं विचारलं.

नानांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं, ‘1524. पार्थिव लिस्बनला आहे.’

मावशींचं लगेच उत्तर आलं. ‘तिकडे कोण असतं आपलं?’