‘धरणे भरली, चिंता मिटली’: पुण्याच्या पाण्याविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळ्यात पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. खडकवासला भरून मुठेत पाणी सोडले, म्हणजे वर्षभराची चिंता मिटली. सोडलेले पाणी मात्र अरबी समुद्रात वाया जाते. आणि एवढी धरणे असताना ओढे-झरे जपण्याचा आग्रह निव्वळ भाबडा आहे, असे त्याचे तीन दावे असतात.

पहिला दावा खडकवासल्यावरच अडखळतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांच्या साखळीची साठवण सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी, म्हणजे सात टक्केसुद्धा नाही. साहजिकच वरची धरणे अर्धीमुर्धी असतानाही जोरदार पावसात खडकवासल्याचे दरवाजे उघडावे लागतात. त्यामुळे त्या बातमीवरून वर्षाचा हिशोब मांडता येत नाही. तो पानशेत आणि वरसगावच्या पातळीवरून मांडावा लागतो. शिवाय सगळा साठा शहराचा नाही. मुठा उजव्या कालव्यातून हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीला पाण्याची आवर्तने (पाळ्या) द्यायची असतात, आणि शहराने किती उचलायचे यावरून महापालिका व जलसंपदा विभाग यांच्यातली ओढाताण धरणे काठोकाठ भरलेल्या वर्षीही थांबत नाही. त्यातच 2017 आणि 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतील कित्येक सोसायट्या टँकरवर दिवस काढतात. धरण भरल्याने तेथे जलवाहिनी पोहोचत नाही.

दुसऱ्या दाव्यात भूगोलाचीही गल्लत आहे. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा पुढे कृष्णेला. हे पाणी समुद्रापर्यंत गेलेच तर ते बंगालच्या उपसागरात जाईल. त्याआधी वाटेत उजनी धरण आहे, आणि सोलापूर शहराची तहान व जिल्ह्यातील ऊस बऱ्याच अंशी त्याच साठ्यावर अवलंबून आहेत. पुण्यात ज्याला वाया गेलेले पाणी म्हणतात, त्याचीच सोलापूरकर वाट पाहत असतात. आकड्यांचेही भान हवे: साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग अखंड चोवीस तास चालला, तेव्हा कुठे एक टीएमसी पाणी जाते.

तिसरा दावा मात्र सर्वांत घातक, कारण त्याच्या आधारे बांधकामे उभी राहतात. पुण्याखालचा बेसाल्ट एकसंध दगड नाही. त्यात भेगाळलेले, सच्छिद्र थर आणि घट्ट थर एकावर एक आहेत. टेकडीवर मुरलेले पाणी घट्ट थरापाशी अडून उताराला बाहेर फुटते, आणि बावधनसारख्या ठिकाणचे झरे असेच वाहतात. ज्या टेकडीवरून पाणी मुरते ती फोडून काँक्रीटने झाकली, तर खालच्या झऱ्याला कोणीही हात न लावता तो आटतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून पेठांतले हौद भरले. अधूनमधून उच्छ्वास (वर उघडणारी तोंडे) ठेवून तो नळ साफ करण्याची सोयही केली. आजच्या पुण्याला ते पाणी पुरणार नाही, हे उघड आहे. पण टँकर ज्या विहिरी आणि बोअरमधून भरले जातात, त्या भूजलावरच चालतात, हे संदेश लिहिणारे सोयीस्करपणे विसरतात. मोठ्या धरणाचा शेजार म्हणजे सुरक्षित पाणी, असेही नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासणीचा रोख खडकवासल्याच्या पायथ्याशी असलेल्या नांदेड गावातील विहिरीवर आला होता.

ओढ्यांचे म्हणाल, तर ते पाणी देतात की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे, कारण पाऊस झाला की ते वाहणारच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्या आणि सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, लोकांचे जीव गेले, आणि ते पाणी कोणत्याही धरणातून सोडलेले नव्हते. कात्रज आणि आसपासच्या उतारांवर काही तासांत पडलेल्या पावसाचे होते. बुजवत आणलेल्या पात्रात ते मावले नाही.