संकेतस्थळावरचा आकडा आणि आमचा अहवाल: आपल्या रीव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आपण एक स्टार देऊन लिहिलं आहे की तीन संकेतस्थळांनी आपल्या घराची किंमत जास्त दाखवली, आमच्या मूल्यांकनकाराने मात्र तासभर घर बघून ती बरीच कमी ठरवली, आणि जे फुकट मिळतं त्याचे आम्ही पैसे घेतो. हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या घराचे तपशील मात्र इथे जाहीरपणे मांडणार नाही. ते अहवालात आहेत आणि ते आपले खासगी आहेत.

त्या संकेतस्थळांवरचे आकडे हवेतून आलेले नसतात. नोंदणी झालेले व्यवहार, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, खोल्या, आसपासच्या जाहिरातींतले दर असं सगळं घेऊन संगणक हिशोब मांडतो. एकाच साच्याच्या शेकडो सदनिका आणि सतत होणारे व्यवहार असतील तिथे हा हिशोब खऱ्या किमतीच्या बराच जवळ जातो. आम्हीही आमचा आकडा ठरल्यावर तो त्याच्याशी ताडून पाहतो. पण घर जरा वेगळं असलं, किंवा आसपास विक्रीच फारशी झालेली नसली, की अंदाज सैल होत जातो.

कारण संगणकाला घराची नोंद दिसते, घर दिसत नाही. भिंतीत ओल मुरली आहे का, वायरिंग जुनी आहे का, खिडकीसमोर मोकळी जागा आहे की दुसऱ्या इमारतीची भिंत, वाढवलेली खोली मंजूर नकाशात आहे की नाही, यातलं बहुतेक काही नोंदीत उतरत नाही. कागदावर जुळी दिसणारी दोन घरं खरेदीदार एकाच भावाने घेत नाही. आमचा माणूस तो तासभर हेच बघत होता. बाकीचं काम आपल्यासमोर झालं नाही, म्हणून ते सांगतो: तुलनेला घेतलेला प्रत्येक व्यवहार आम्ही तपासतो. विक्री नात्यात झाली होती का, मालकाला पैशांची घाई होती का, किमतीत फर्निचर धरलं होतं का. नात्यातल्या माणसाला स्वस्तात दिलेलं घर नोंदीत पुष्कळदा साध्या विक्रीसारखंच दिसतं. शिवाय सौदा ठरल्यापासून त्याची नोंद संगणकापर्यंत पोहोचेपर्यंत वेळ जातो, आणि बाजार वळत असताना तेवढ्यात भाव बदललेला असतो.

अचूकतेबद्दल या कंपन्या स्वतःच आकडे देतात, ते नीट वाचावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतली झिलो ही कंपनी २००६ पासून असे अंदाज देते. विक्रीला लावलेल्या घरांसाठी ती साधारण २ टक्के चूक सांगते आणि न लावलेल्या घरांसाठी साधारण ७ टक्के. ही सरासरी नव्हे, मधोमधची चूक आहे. म्हणजे निम्म्या घरांचा अंदाज याहून जास्त चुकतो, आणि किती जास्त ते या आकड्यावरून कळत नाही. विक्रीला लावलेल्या घरांचा अंदाज इतका जवळ येतो, कारण मालकाने मागितलेली किंमत तोवर संगणकाच्या हाती आलेली असते. आपलं घर अजून विक्रीला लागलेलं नाही, त्यामुळे दुसरा आकडा आपल्या कामाचा.

२०१६ मध्ये याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं सिॲटलमधलं घर १०.५ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या सुमारास त्यांच्याच संकेतस्थळावर त्याचा अंदाज सुमारे १७.५ लाख डॉलर होता. पुढे कंपनीने स्वतः घरं विकत घेऊन विकण्याचा व्यवसाय केला आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरांच्या किमतींचा अंदाज बांधणं अपेक्षेपेक्षा फार अनिश्चित निघालं, हे कारण त्यांनी उघडपणे दिलं. इतकी माहिती आणि इतके अभियंते हाताशी असलेल्यांचा हा अनुभव आहे.

आपण पाठवलेले तिन्ही स्क्रीनशॉट मी पुन्हा पाहिले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात जेवढं अंतर आहे, त्याहून आमचा आकडा त्या लहान आकड्याच्या जवळ आहे. दोन ठिकाणी आकड्याखाली बारीक अक्षरांत किमान आणि कमाल किंमतही दिली आहे, आणि आमची किंमत त्यांतल्या एका पट्ट्यात बसते.

आमची फी ठरलेली असते. किंमत वाढली किंवा घटली तरी ती बदलत नाही, त्यामुळे घर कमी दाखवून आम्हाला काही मिळत नाही. अहवालावर मूल्यांकनकाराची सही असते, आणि खरेदीदाराने किंवा बँकेने विचारलं तर त्याला प्रत्येक आकड्याचं कारण द्यावं लागतं.

अहवालात तुलनेच्या व्यवहारांचा तक्ता आहे आणि प्रत्येकात किती वजावट किंवा वाढ केली तेही दिलं आहे. त्यातली एखादी वजावट आपल्याला पटत नसेल, किंवा आमच्या नजरेतून सुटलेली जवळपासची अलीकडची विक्री आपल्याला ठाऊक असेल, तर त्याचे कागद पाठवा. त्याच मूल्यांकनकाराकडे न देता मी स्वतः ते तपासेन. त्याची वेगळी फी घेणार नाही, आणि आकडा बदलावा लागला तर सुधारित अहवाल सहीनिशी देईन. घर विक्रीला लावण्याआधी हे झालं तर बरं, कारण आपण मागाल ती पहिली किंमत खरेदीदार लक्षात ठेवतात.