‘पाच सुया, तीन तास आणि पुन्हा पैसे’ या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "सहाव्या महिन्यातल्या बायकोला तीन तास उपाशी बसवलं, दोन दिवसांत पाच सुया टोचल्या, बाटलीभर रक्त काढलं, वर पुन्हा पैसे घेतले. सरकारी दवाखान्यात हेच काम एका सुईत होतं. निव्वळ पैसे उकळायचा धंदा." आणि एक स्टार. वहिनींना एवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. सोमवारची गर्दी होती, आतला पलंग रिकामा नव्हता.

पण ‘पैसे उकळायचा धंदा’ हे काही पचलं नाही, म्हणून लिहितोय.

वहिनींच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ७५ ग्रॅमची जीटीटी लिहिली होती, म्हणजे ग्लुकोज पाजून रक्तातली शुगर बघायची टेस्ट, तीन सॅम्पलची. उपाशीपोटी एक, ग्लुकोज प्यायल्यावर एका तासाने दुसरं, दोन तासांनी तिसरं. तास मोजायचे ते पहिल्या घोटापासून. हे दोन तास आमच्या लॅबने काढलेले नाहीत, मुंबईला जा नाहीतर पुण्याला, तेवढेच बसवतात. तिन्ही आकड्यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, ९२, १८० आणि १५३. यातला एकही गाठला किंवा ओलांडला तरी गरोदरपणातली शुगर धरतात. मग तिसरं सॅम्पल ‘घाईत आहे, आत्ताच घ्या’ म्हणून सव्वा तासाला कसं घ्यायचं, तुम्हीच सांगा. आकडा येईल, पण तो कशाशी ताडून बघणार?

सरकारी दवाखान्याचं म्हणाल तर तिथे एकच सॅम्पल घेतात, हे खरं आहे. ती पद्धत वेगळी. उपाशी असो वा जेवलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि दोन तासांनी एकदा बघतात, मर्यादा १४०. चांगली पद्धत आहे, पण दोन तास तिथेही बसावंच लागतं. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते बदलायचा अधिकार मला नाही.

आणि तुम्ही काउंटरवर म्हणालात ना, "एकदाच जास्त काढून ठेवा की"? ठेवलं असतं हो! पण ग्लुकोज पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं तेच तर बघायचं असतं. आठ वाजता काढलेल्या रक्तात दहाची शुगर कुठून येणार? बाटलीभर म्हणता तर करड्या झाकणाच्या त्या नळीत २ मिली रक्त मावतं. तिन्ही मिळून ६ मिली, चहाच्या चमच्याने सव्वा चमचा.

आता दुसऱ्या दिवसाचं. हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंच नाही. पहिल्या दिवशी दुसरं सॅम्पल झाल्यावर तुम्ही वहिनींना समोरच्या गाडीवर नेलंत, चहा-बिस्किट झालं. तिसऱ्या सॅम्पलच्या आधी आमच्याकडे रक्त काढणाऱ्या मुलीने विचारलं तेव्हा वहिनींनी सरळ सांगून टाकलं. त्यांच्या खरेपणाचं कौतुकच आहे. "दोन घोट चहाने काय होतंय" हे तुमचं म्हणणं सगळ्या वेटिंगने ऐकलं. साखरेचा चहा आणि बिस्किट पोटात गेल्यावर ती टेस्ट राहतच नाही. आम्ही गप्प बसून तिसरी सुई टोचली असती, रिपोर्ट दिला असता, तर तुम्हाला काही कळलंही नसतं. तो रिपोर्ट चुकीचा आला असता तर कदाचित वहिनींना नको ते पथ्य, नको ते इन्सुलिन. म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. पहिल्या दिवशीच्या दोन सुया आणि दुसऱ्या दिवशीच्या तीन, अशा पाच झाल्या.

पैशांचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी टेस्टचा एक रुपयाही घेतला नाही. ४० रुपये घेतले ते ग्लुकोजच्या नव्या पाकिटाचे. पावती आहे. ‘मध्ये पाण्याशिवाय काही घेऊ नये, बाहेर फिरू नये’ हे मराठीत छापलेला कागद सकाळीच तुमच्या हातात दिला होता. तो खुर्चीवरच राहिला होता. रिपोर्टमधले आकडे मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं घरचं.

दादा, कोपऱ्यावर मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर उघडलंय, ऑफरचे बोर्ड लावून. माझ्याकडे बोर्ड नाही, लोक हे स्टार बघूनच जिना चढतात. ज्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ती दुपारपर्यंत जेवली नाही. तिची सुई एकदाच लागते, हे वहिनींना विचारा.

बसायच्या व्यवस्थेचं बघतोय. जीटीटीवाल्या बायकांसाठी आत काहीतरी सोय करायचा विचार आहे, कागदावरची अक्षरंही मोठी करू. वहिनींची पुढची तपासणी आमच्याकडेच करा असं म्हणत नाही, जिथे सोयीचं असेल तिथे करा, फक्त मध्ये चहा देऊ नका. पाकिटाचे ४० रुपये परत हवे असतील तर पावती घेऊन या, मी सकाळी साडेसातपासून काउंटरवरच असतो.