प्रकरण निकालासाठी बंद

आज आईला घेऊन प्रांत कचेरीत गेलो होतो. वडील गेल्यानंतर सातबाऱ्यावर आमची नावे लावण्यास चुलत्यांनी हरकत घेतली, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद नामंजूर केली आणि त्यावरचे आमचे अपील तीन वर्षे चालू आहे. मागच्या महिन्यात युक्तिवाद संपून प्रकरण निकालासाठी बंद झाले होते. आज निकालाची प्रत मिळेल, या आशेने आईने सकाळी सहालाच नवे लुगडे नेसले होते. कचेरीच्या फाटकाशी दोन खांबांना बांधलेला भलामोठा फ्लेक्स होता. तालुक्यातील कोणी मुलगा यूपीएससी उत्तीर्ण झाला आहे आणि त्याच्या छायाचित्राभोवती निदान अठरा पुढाऱ्यांची छायाचित्रे आहेत. आत गेलो, तर अव्वल कारकुनांनी मान वर न करता सांगितले, "मॅडमची बदली झाली. नवीन साहेबांपुढे परत सुनावणी होईल."

हे तिसऱ्यांदा घडले. पहिल्या साहेबांनी रात्री वाळूच्या गाड्या धरल्या आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ते गेले. आमचे प्रकरण तेव्हाही निकालासाठीच बंद होते. दुसरे साहेब दोन तारखांपुरते होते, त्यांचा चेहराही मला आता आठवत नाही. तिसऱ्या या मॅडम. ज्याने सुनावणी घेतली त्यानेच निकाल लिहावा, हे तत्त्व योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की खुर्चीवरचा माणूस बदलला की आमची पाटी पुन्हा कोरी होते.

परत येताना एसटीत बसून तो फ्लेक्सच डोळ्यांपुढे येत राहिला आणि संताप वाढत गेला. आपल्या देशात प्रशासकीय सेवेची सुधारणा म्हटली की गेली पावणेदोनशे वर्षे बोलणे होते ते फक्त आत कोण शिरणार याचे. मेकॉले समितीच्या अहवालानंतर १८५५ साली वशिल्याच्या नेमणुका जाऊन खुली स्पर्धा परीक्षा आली, पण ती लंडनला. मग भांडण वयाचे. तेवीस वर्षांची सुरुवातीची कमाल मर्यादा खाली येत येत १८७८ साली एकोणीसवर आली, म्हणजे हिंदी मुलांनी मिसरूड फुटण्याआधीच बोटीवर चढावे! १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिथल्या ठरावांतही ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, ही मागणी होती. ती पदरात पडायला १९२२ साल उजाडले; केंद्र मिळाले अलाहाबादला. पुढे १९२६ साली लोकसेवा आयोग आला आणि कोठारी समितीनंतर १९७९ पासून आपल्या भाषांत उत्तरे लिहिता येऊ लागली. मग पूर्वपरीक्षेत सीसॅट ही अभियोग्यता चाचणी आली, तिच्यावर आंदोलने झाली, ती केवळ पात्रतेपुरती उरली. हे सगळे लढे न्याय्य होते, हे मी मान्य करतो; कोठारी समिती नसती, तर फ्लेक्सवरचा तो मुलगा कदाचित तिथे नसता. पण एकदा दार ओलांडून माणूस आत गेला की त्याला एका जागी किती दिवस बसू द्यायचे, हा प्रश्न या साऱ्या गदारोळात कोणाला पडला?

सरदार पटेलांना पडला असावा, निदान त्याच्या जवळपासचा. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये ते नव्या प्रशासकीय सेवेच्या पहिल्या उमेदवारांशी बोलले. ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी, ज्या आयसीएसवाल्यांनी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी अधिकाऱ्यांनी, आपल्याच लोकांना तुरुंगात टाकले होते त्यांची बाजू घेतली. आपले मत निर्भयपणे मांडू शकणारी अखिल भारतीय सेवा नसेल, तर हा संघ टिकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्या आग्रहातून संविधानात संरक्षणे आली. अनुच्छेद ३११ नुसार, काही अपवाद सोडले तर, चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही, पदावनत करता येत नाही. उत्तम! पण बदलीबद्दल त्या अनुच्छेदात एक शब्द नाही. म्हणजे अधिकाऱ्याला काढता येत नाही, हलवता मात्र केव्हाही येते. ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९२२ साली ज्या सेवेला पोलादी चौकट म्हटले, तिला आपण चाके बसवली आहेत.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राचा बदल्यांच्या विनियमनाचा २००५चा कायदा आहे. अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यात अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्यांसह वर्ग तीनपर्यंतच्या सर्वांना एका पदावर सामान्यतः तीन वर्षे दिली आहेत. मात्र अपवादात्मक परिस्थितीत कारणे लेखी नोंदवून मध्येच बदली करण्याची वाटही त्याच कायद्यात आहे आणि ती वाट आज हमरस्ता झाली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निश्चित कार्यकाळ आणि बदल्यांची शिफारस करणारी नागरी सेवा मंडळे यांचे आदेश दिले. २०१४ साली आयएएसच्या संवर्ग नियमांत एका पदावर किमान दोन वर्षांची तरतूद आली. कागद चोख आहेत. पण एकाच अधिकाऱ्याच्या दर सहा महिन्यांनी होणाऱ्या बदलीची बातमी वाचून आता आपल्याला आश्चर्यही वाटत नाही. आपण त्याला 'डॅशिंग' म्हणतो आणि पुढची बातमी वाचतो.

एकाच जागी वर्षानुवर्षे बसलेला साहेब गावचा संस्थानिक होतो, हे मला ठाऊक आहे. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी घरी पेढे आणल्याचे मला आठवते. असो. बदली होऊच नये असे मी म्हणत नाही, हातातले काम संपवून व्हावी एवढेच म्हणतो.

आणि या मॅडमच्या बाबतीत तर कोणी सूडही उगवलेला नाही. त्यांची ही पहिलीच नेमणूक होती आणि आता त्या वरच्या पदावर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या आहेत. त्यांचे भले होवो. राग लिहिता लिहिता इथे माझा हात जरा थांबतो. दूरच्या राज्यातून आलेली जेमतेम अठ्ठावीस वर्षांची ती मुलगी. पहिल्या सुनावणीला तिने आईसाठी खुर्ची मागवली. वकिलांना थांबवून, "आजी, ही जमीन तुमच्या सासऱ्यांकडे कशी आली?" असे अडखळत्या पण स्वच्छ मराठीत विचारले. तीन वर्षांत आईला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. आईने एका जुन्या फेरफाराचा उल्लेख केला. मॅडमनी तो अभिलेख कक्षातून काढवला, मोडी लिपीत निघाला म्हणून बाजूला न टाकता त्याचे लिप्यंतर करून आणायला सांगितले आणि आणल्यावर आमच्यासमोर ओळ न् ओळ वाचला. मला सत्येंद्रनाथ टागोर आठवले. १८६३ साली आयसीएस झालेला हा पहिला हिंदी माणूस बंगालचा असून सारी नोकरी मुंबई इलाख्यात करत राहिला आणि त्याने तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. मुलखात राहिल्याशिवाय मुलूख कळत नाही. या मुलीला तो कळू लागला होता, आणि जे काही कळले ते तिच्याबरोबर गेले. फाइलमध्ये त्यातले काय उरले? "युक्तिवाद ऐकला. प्रकरण निकालासाठी बंद", एवढी एक ओळ.

आता काही मित्र लिहितील की बाहेरचे तज्ज्ञ थेट वरच्या पदांवर आणणे हाच उपाय आहे. २०१८ साली सहसचिवांच्या दहा जागांची जाहिरात निघाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंचेचाळीस जागांची निघाली आणि आरक्षणाच्या मुद्द्यावरून तीन दिवसांत मागे घेतली गेली. दिल्लीत त्याचा उपयोग होत असेलही. पण पुन्हा चर्चा दाराचीच! माझ्या आईला तज्ज्ञ नको आहे. तिला असा एक माणूस हवा आहे, जो तिचे म्हणणे ऐकेल आणि ऐकलेले विसरण्याआधी, त्याच खुर्चीत बसून, दोन पाने लिहून खाली सही करेल. बदलीचा आदेश हातात पडल्यावर निकालासाठी बंद असलेली प्रकरणे लिहून पूर्ण करायला पंधरा दिवस देणे एवढे अवघड आहे का? त्यासाठी कोणता आयोग नेमावा लागतो?

संध्याकाळी आईने विचारले, नवे साहेब कुठले आहेत, त्यांना मराठी येते का. मला माहीत नव्हते. त्यांच्यापुढची पहिली तारीख बारा दिवसांनी आहे. मोडीचे लिप्यंतर पुन्हा पिशवीत ठेवले आहे, त्याच्या दोन जास्तीच्या प्रतीही काढून आणल्या आहेत. आईने लुगड्याची घडी घालून ते ट्रंकेत ठेवले आणि म्हणाली, पुढच्या तारखेला जुनेच नेसते.